पट्टी मारली तरी बूम पुन्हा शेजारीच का तडकतो?

पाण्याच्या पाइपलाइनचा चर असो, गॅसची लाइन असो, केबल टाकायची असो की द्राक्षबागेतली ओळ मोकळी करायची असो, आता तिथे मिनी पोकलेन दिसतं. पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव, पण आपल्याकडे ते यंत्राचंच नाव होऊन बसलं. या लेखात ज्या मशीनबद्दल बोलायचं आहे ती साधारण दीड ते सहा टनांची. त्यांच्या मालकांना एक प्रश्न हमखास पडतो. बूमला, म्हणजे मशीनच्या मोठ्या वाकलेल्या दांड्याला, तडा गेला, वेल्डर बोलावला, वरून चांगली जाड पट्टी मारून घेतली. चार-सहा महिन्यांत पट्टी जागच्या जागी, पण तिच्या टोकाला लागून नवा तडा. मग दोष कुणाला द्यायचा? लोखंडाला, वेल्डरला की ऑपरेटरला?

बहुतेक वेळा उत्तर पट्टीच्या आकारात आणि ढिल्या झालेल्या पिनांत सापडतं.

लोखंड थकतं म्हणजे काय?

तार हाताने ओढून तुटत नाही. तीच तार एका जागी दहा-वीस वेळा इकडे-तिकडे वाकवली की तुटते. बूमचं तसंच होतं, फक्त तिथलं वाकणं डोळ्यांना दिसत नाही. एका झटक्यात तोडायला लागणाऱ्या जोरापेक्षा कितीतरी कमी जोर लाखो वेळा पडतो, एखाद्या कोपऱ्यात केसाएवढी चीर सुरू होते आणि प्रत्येक फेरीला कणाकणाने पुढे सरकते. याला धातूचा थकवा म्हणतात. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेच्या इंजिनाचा आस असाच तुटला आणि ५० हून अधिक माणसं गेली. त्यानंतरच्या दशकांत जर्मनीत ऑगस्ट व्योलर यांनी रेल्वेचे आस वर्षानुवर्षं फिरवून या थकव्याचे नियम शोधले.

आपल्या मशीनचा हिशोब मांडू. माती उचल, वळ, टाक, परत ये, या एका फेरीला १५ ते २० सेकंद. तासाला सुमारे २००. दिवसाचे आठ तास आणि वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर वर्षाला ४ लाख फेऱ्या. पाच वर्षांत २० लाख.

वेल्डिंग केलेल्या जोडाचा एक नियम मालकाने पाठच करून ठेवावा. ताण दुप्पट झाला की आयुष्य निम्मं होत नाही, ते आठव्या हिश्श्यावर येतं. ताण नुसता २५ टक्क्यांनी वाढला तरी आयुष्य जवळजवळ निम्मं. म्हणून "थोडंसंच जास्त ओढलं" यातलं 'थोडंसं' बूमला फार महाग पडतं.

तडे ठरावीक जागीच का जातात?

शेतातल्या पाटाचं पाणी डोळ्यांसमोर आणा. पाट सरळ असेल तर पाणी सारखं वाहतं. मध्ये दगड आला की त्याच्या दोन्ही बाजूंना धार जोरात होते आणि तिथलीच माती आधी खचते. प्लेटमधून जाणारा ताणही असाच वाहतो. वाटेत ब्रॅकेट आलं, भोक आलं, वेल्डिंगची उंच कड आली की तिच्या कोपऱ्याशी ताण गोळा होतो.

त्यामुळे तडे शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. बूमवर जिथे सिलिंडरची ब्रॅकेटं जोडलेली असतात तिथे, त्या ब्रॅकेटच्या टोकाशी. बूमच्या बाकाजवळ, जिथे वरची प्लेट आणि बाजूची प्लेट मिळतात. आर्मवर, म्हणजे बूमच्या पुढच्या दांड्यावर, बकेट सिलिंडरच्या बुडाशी. बकेटच्या कानांना, म्हणजे पिन ओवायची भोकं असलेल्या प्लेटांना. पुढच्या डोझर ब्लेडच्या दांड्यांना. आणि मिनी पोकलेनचा खास भाग म्हणजे स्विंग ब्रॅकेट. बूमला डावी-उजवीकडे वळवणारा, मशीनच्या तोंडाशी असलेला हा बहुधा ओतीव पोलादाचा जाड तुकडा. भिंतीला चिकटून चर खणता यावा म्हणून तो दिलेला असतो आणि सगळ्या पुढच्या भागाचं वजन त्याच्यावर टांगलेलं असतं.

दोन चुका इथे फार नडतात. पहिली म्हणजे बकेट आडवं झाडून माती सपाट करणं किंवा भिंत ढकलणं. लाकडी फूटपट्टी कडेवर उभी धरून वाकवली तर वाकत नाही, आडवी धरली की सहज वाकते. बूम उभ्या ताकदीसाठी बनवलेला आहे. बाजूच्या धक्क्याला तो पिळवटतो आणि तो पीळ थेट पिनांवर, बुशांवर (पिन ज्या नळीत फिरते ती नळी म्हणजे बुश) आणि स्विंग ब्रॅकेटवर उतरतो.

दुसरी चूक ब्रेकरची, म्हणजे बकेटच्या जागी लावायच्या दगड फोडणाऱ्या हातोड्याची. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि देशावर मुरमाखाली काळा पाषाण लागतो, तो बकेटने निघत नाही. कोकण-गोव्यातल्या जांभ्यात ब्रेकरची गरज त्या मानाने कमी. छोटा ब्रेकर मिनिटाला ६०० ते १००० ठोके देतो. एकेक ठोका बूमला मोठा नसतो, पण संख्या बघा. आणि खरं नुकसान ठोक्यांपेक्षा ब्रेकरची छिन्नी पहारीसारखी वापरून दगड उचकटण्याने होतं. सिलिंडर पूर्ण बाहेर किंवा पूर्ण आत असताना ब्रेकर चालवला तर धक्का तेलात मुरत नाही, तो सरळ ब्रॅकेटला जाऊन भिडतो. दोन्ही टोकांना थोडी जागा राखून काम करावं. अर्ध्या मिनिटात दगड फुटला नाही तर छिन्नीची जागा बदलावी.

ढिली पिन आणि तडा यांचा काय संबंध?

फार जवळचा. पिन आणि बुश यांत नव्याने साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर मोकळीक असते. ग्रीस वेळेवर नसेल तर ती दीड-दोन मिलिमीटरवर जाते. मग जोर सुरू होताना पिन आधी मोकळी फिरते आणि मग आदळते. बिजागरी सैल झालेलं दार हळू लोटलं तरी चौकटीवर धाडकन बसतं, तसं. शिवाय पिन तिरकी बसल्यामुळे दोन कानांपैकी एकाच कानावर सगळा भार येतो, आणि तडा त्याच बाजूला जातो.

म्हणून तडा दुरुस्त करून पिना तशाच ठेवणं म्हणजे गळकं छप्पर तसंच ठेवून भिंतीला रंग देणं. पिना आधी तपासाव्यात. बकेट जमिनीपासून थोडं वर उचलून पहारीने जोड हलवा. खुळखुळ ऐकू आली आणि डोळ्यांना हालचाल दिसली तर बुश बदलायचा. बुशाचं घर, म्हणजे ज्या गोल भोकात तो बसतो ते, अंडाकृती झालं असेल तर नवा बुश वेल्डिंगच्या टाक्यांनी अडकवू नका. घर आतून वेल्डिंगने भरून लाइन बोरिंग मशीनने दोन्ही कान एकाच सरळ रेषेत बोअर करून घ्यावे लागतात. नवा बुश हातोड्याने ठोकू नका, कडक केलेला बुश चिरतो. डीप फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवलेला बुश आकसतो आणि प्रेसने किंवा आटा असलेल्या दांड्याने ओढून घेतला की नीट बसतो. पुढच्या पिनांना रोज ग्रीस, ब्रेकरचं काम असेल तर दिवसातून दोनदा.

मग जाड पट्टी मारली तर मजबुती वाढत नाही का?

पट्टीखालची जागा मजबूत होते. पट्टी जिथे संपते तिथली जागा कमकुवत होते. जुन्या धोतराला जाड कापडाचं ठिगळ लावलं तर ठिगळ टिकतं आणि धोतर शिवणीलगत फाटतं. कारण तेच आहे. पातळ, लवचीक भागातून अचानक ताठ भाग सुरू झाला की वाकण्याचा सगळा जोर त्या सीमारेषेवर येतो. वर तिथे आडवं वेल्डिंग असेल तर त्याची कड म्हणजे ताणाच्या वाटेत घातलेला बांध.

अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्टजवळ यलो मिल पाँडवरचा महामार्गाचा पूल १९५८ मध्ये सुरू झाला. त्याच्या पोलादी तुळयांना मध्यभागी जास्त ताकद मिळावी म्हणून खालून जादा पट्ट्या वेल्ड केलेल्या होत्या. १९७० मध्ये तडा सापडला तो बरोबर पट्टीच्या टोकाशी, आणि तो तुळईच्या उभ्या पत्र्यात वर चढलेला होता. तिथून पुढे पट्टीचं टोक ही थकव्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट जागांपैकी एक म्हणून अभियंत्यांच्या नियमांत नोंदली गेली. पूल असो की पोकलेन, पट्टीचं टोक तसंच वागतं.

भारी पोलादाची प्लेट वापरली तर?

हा आक्षेप हुशार माणसं घेतात, म्हणून सविस्तर सांगायला हवं. कोऱ्या, न जोडलेल्या प्लेटचं आयुष्य भारी पोलादाने वाढतं. वेल्डिंग केलेल्या जोडाचं मात्र जवळपास वाढत नाही. वेल्डिंगच्या कडेला सुरुवातीपासूनच सूक्ष्म खाचा असतात. चीर सुरू व्हायला लागणारा वेळ त्यामुळे वाचलेलाच असतो, आणि सुरू झालेली चीर साध्या व भारी पोलादात सारख्याच वेगाने पळते. भरीला, वितळलेलं वेल्डिंग थंड होताना आकसतं आणि आजूबाजूच्या प्लेटला कायमचं ताणून ठेवतं. ओल्या चामड्याची वादी वाळताना आवळते तशी. बाहेरून काहीच जोर नसतानाही जोड ताणलेला असतो. पैसे प्लेटच्या दर्जावर घालण्यापेक्षा वेल्डिंगची कड गुळगुळीत करण्यावर घातलेले जास्त कामी येतात.

नीट दुरुस्ती कशी करतात?

मिनी पोकलेनचा एक मोठा फायदा म्हणजे बूम चेन ब्लॉकने उतरवता येतो. उतरवाच. घोडीवर उलटा-सुलटा करून सगळं वेल्डिंग आडव्या सपाट स्थितीत करता येतं, आणि लोंबकळत डोक्यावर केलेल्या वेल्डिंगपेक्षा ते दहा पटींनी भरवशाचं होतं. उतरवणं शक्यच नसेल तर बकेट जमिनीवर, बूम लाकडी ठोकळ्यांवर, इंजिन बंद, लिव्हर हलवून तेलाचा दाब सोडलेला. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, कंट्रोलरचा कनेक्टर सोडा. वेल्डिंगची अर्थिंगची तार ज्या तुकड्यावर काम चालू आहे त्याच तुकड्यावर, जवळच लावा. ट्रॅकला अर्थ लावली तर करंट पिना आणि स्विंग बेअरिंगमधून (मशीनचा वरचा भाग ज्यावर फिरतो त्यातून) जातो आणि गोळ्यांवर खड्डे पाडतो. सिलिंडरच्या चकचकीत रॉडला ओलं गोणपाट गुंडाळा. एक ठिणगी चिकटली तरी सील फाटतं.

बूम ही चारी बाजूंनी बंद पेटी असते. आत पाणी किंवा ग्रीस अडकलेलं असू शकतं. तापल्यावर त्याची वाफ होते आणि पेटी फुटू शकते. हवा जाण्याचं भोक आहे की नाही ते आधी बघा. आणि तेल-ग्रीस काढायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वापरू नका. त्याच्या वाफेवर वेल्डिंगचा उजेड पडला की विषारी वायू तयार होतो.

आता तडा. डोळ्यांना दिसतो त्याच्या पुढे तो गेलेला असतोच. तो दाखवायला डाय टेस्टचे तीन डबे मिळतात. जागा रंग काढून स्वच्छ करायची, लाल द्रव फवारून १०-१५ मिनिटं मुरू द्यायचा, कापडाने पुसायचा (क्लीनर कापडावर घ्या, थेट प्लेटवर मारू नका, नाहीतर चिरेतला रंगही धुतला जातो), मग पांढरी पावडर फवारायची. पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तिच्या दोन्ही टोकांच्या किंचित पुढे ६ ते ८ मिमीचं भोक पाडलं की काम चालू असताना तडा पळत नाही.

यानंतरची पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. तडा पूर्ण खोदून काढायचा. ग्राइंडरने साधारण ६० अंशांची व्ही आकाराची खाच, प्लेटच्या पूर्ण जाडीपर्यंत. तड्यावरून नुसतं वेल्डिंग फिरवलं तर खाली तडा जिवंतच राहतो. फट मोठी दिसली म्हणून त्यात बांधकामाच्या सळईचे तुकडे भरू नका. खोदून झाल्यावर पुन्हा डाय टेस्ट. लाल रेघ नाही, मगच पुढे. वेल्डिंगआधी तो रंगही पूर्ण साफ करायचा.

वेल्डिंगचा रॉड ७०१८. याला लो-हायड्रोजन रॉड म्हणतात. रॉडच्या आवरणातला ओलावा वितळलेल्या लोखंडात हायड्रोजन सोडतो आणि तो हायड्रोजन काही तासांनी, कधी दोन दिवसांनी, आतून चीर पाडतो. या रॉडचं आवरण ओलावा कमी देतं, पण कोरडं ठेवलं तरच. पावसाळ्यात उघड्या पाकिटातला ७०१८ वापरणं म्हणजे जास्तीचे पैसे देऊन तीच चीर विकत घेणं. उघडा पडलेला रॉड ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला तास-दोन तास ओव्हनमध्ये भाजायचा, नंतर गरम डब्यातूनच एकेक काढायचा. गेटच्या जाळ्यांना चालणारा ६०१३ इथे नको, वेल्डरने कितीही खात्री दिली तरी.

प्लेट आधी तापवायची. बूमच्या सहा-आठ मिमीच्या प्लेटला ओलावा उडून हात लावता येणार नाही इतकं, म्हणजे १०० अंशांच्या आसपास पुरतं. जाड बॉस (पिनेच्या भोकाभोवतीचा गोल भाग), ओतीव स्विंग ब्रॅकेट यांना १५० ते २०० अंश. इन्फ्रारेड गनने किंवा तापमानाच्या खडूने मोजा, अंदाजाने नको. पिनांच्या दोन्ही कानांतून एक सरळ दांडा घालून ठेवा, म्हणजे आकसताना कान वाकडे होणार नाहीत. पहिला थर २.५ मिमीच्या रॉडने, पुढचे ३.१५ ने. आर्क आखूड, थर अरुंद आणि सरळ, प्रत्येक थरानंतर वर जमलेला मळ (स्लॅग) पूर्ण साफ. रॉड संपला म्हणून कोपऱ्यावर थांबू नका. सुरुवात आणि शेवट कोपऱ्यापासून लांब ठेवा.

काम झाल्यावर पाणी नाही. कोरड्या राखेत किंवा सिरॅमिक ब्लँकेटखाली सावकाश थंड होऊ द्या. मग वेल्डिंगचा उंचवटा प्लेटच्या पातळीला घासून घ्या आणि ग्राइंडरच्या रेघा बूमच्या लांबीच्या दिशेत ठेवा. आडवी रेघ म्हणजे हाताने काढलेली नवी खाच. शेवटची डाय टेस्ट शक्यतो ४८ तासांनी. मालकाला हे दोन दिवस जड जातात हे खरं आहे, पण हायड्रोजनची चीर त्याच दोन दिवसांत दिसते.

पट्टी कधीच मारायची नाही का?

मारायची, पण तडा पूर्ण खोदून भरल्यानंतर, आणि त्या जागी प्लेट खरोखर झिजलेली किंवा वारंवार तडकणारी असेल तरच. पट्टी मूळ प्लेटपेक्षा जाड नको. चौकोनी तुकडा नको. दोन्ही टोकं लांब निमुळती, पतंगाच्या शेपटीकडच्या कोनासारखी, कोपरे गोल. लांबी इतकी की टोकं ब्रॅकेट किंवा बाकापासून दूर, शांत जागी संपतील. वरच्या आणि खालच्या पट्टीची टोकं एकाच आडव्या रेषेत येऊ देऊ नका. टोकांजवळच्या वेल्डिंगची कड बारीक बर ग्राइंडरने अर्धा मिमी आत जाऊन गुळगुळीत करा. या एका तासाच्या कामाने त्या जागेचं आयुष्य साधारण दुप्पट होऊ शकतं.

कशाला वेल्डिंग लावायचंच नाही?

पिनांना, कारण त्या वरून कडक केलेल्या असतात. सिलिंडरच्या नळीला आणि रॉडला. क्विक हिचच्या, म्हणजे बकेट झटपट बदलायच्या जोडाच्या, आकड्यांना. स्विंग बेअरिंगला आणि त्याच्या बोल्टला. तिथला एक बोल्ट सैल सापडला तर तो नुसता आवळून सोडू नका. तो ताणला गेलेला असतो. तो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे बोल्ट त्याच ग्रेडचे नवे, टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत.

आणि छताला. मिनी पोकलेनच्या छताची चौकट सावलीसाठी नसते. मशीन कुशीवर उलटलं तर पट्टा बांधलेला ऑपरेटर चिरडू नये म्हणून ती तपासून बनवलेली असते. १ ते ६ टनांच्या मशीनसाठी तिचं आयएसओ १२११७ हे मानक आहे. तिला भोक पाडलं, फॅन-लाइटसाठी ब्रॅकेट वेल्ड केलं किंवा वाकलेली सरळ केली, की ती कसोटीला उतरलेली चौकट राहत नाही. वाकली की बदलायची. इथे माणसाचा जीव अडकलेला आहे, त्यामुळे यात तडजोड सुचवणाऱ्याचं ऐकू नये.

दुरुस्तीनंतर आणि जुनं मशीन घेताना काय बघायचं?

दुरुस्त बूम रंगवण्याआधी त्या जागेवर फिकट रंगाचा पातळ हात द्या. पुढची चीर त्यावर तांबूस रेघ म्हणून लवकर दिसते. पहिले ५० तास रोज सकाळी बघा. दुरुस्तीची जागा, तिच्या भोवतालची वीतभर प्लेट, आणि बूमच्या दुसऱ्या बाजूची तीच जागा, कारण तिनेही तेवढ्याच फेऱ्या सोसलेल्या असतात. विजेरी समोरून नव्हे, बाजूने तिरकी धरा. चिरेची सावली पडते.

जुनं मशीन घेताना नुकताच रंगवलेला बूम दिसला तर ब्रॅकेटच्या टोकांशी नखाने रंग खरवडू द्या म्हणून मालकाला विचारा. बकेट जमिनीवर सपाट टेकवून मागे उभं राहा आणि बकेटची धार मशीनच्या आडव्या रेषेशी समांतर आहे का ते पाहा; तिरकी दिसली तर एकतर पिना गेल्यात किंवा आर्म पिळवटलाय. बूम डावीकडे-उजवीकडे वळवून इंजिन बंद करा, मग स्विंग ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या पिनेवर हात ठेवा. इंजिन चालू असताना हात घालू नका, दुसऱ्याकडून बकेट पहारीने हलवून घ्या. तिथे ठोका बोटांना जाणवला तर किमतीत बुश, बोरिंग आणि दोन दिवस मशीन बंद राहणं धरूनच बोला.